येळवशीच्या कोपीत कोण बसतं?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. 1917 साली फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने हा गोल बाजार आखला. तेव्हा बार्शी लाइट रेल्वे लातुरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि आडतीचा धंदा जोरात होता. तेव्हापासून गोलाईत पाय ठेवायला जागा नसते. अपवाद फक्त मार्गशीर्षातल्या अमावस्येचा. त्या दिवशी सोळाही रस्ते ओस पडतात. दुकानांना कुलपं, रिक्षा गायब, चहाची टपरीसुद्धा बंद. परगावचा माणूस त्या दिवशी बसस्टँडवर उतरला तर शहरात संचारबंदी लागली की काय, असं त्याला वाटतं. सगळं शहर रानात गेलेलं असतं. ज्याला रान आहे तो आपल्या रानात, ज्याला नाही तो मित्राच्या नाहीतर शेजाऱ्याच्या रानात. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. ती दिली नसती तरी कचेरीत कुणी सापडलं नसतं, हा भाग वेगळा.

पंचांगवाले हिला दर्श वेळा अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस. लातूर आणि धाराशिव हे तिचं मुख्य ठाणं. नांदेडच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत ती आहे, बीड-सोलापूरच्या कडेच्या गावांतही आहे. पुण्या-नाशिककडच्या माणसाला मात्र ती काय असते हे पहिल्यापासून सांगावं लागतं. उलट बीदर, कलबुर्गी, विजयपूरकडच्या शेतकऱ्याला काही सांगावं लागत नाही. त्याच अमावस्येला तोही बैलगाडी जुंपून, आता ट्रॅक्टर घेऊन, बायकापोरांसह रानात निघालेला असतो. एका राज्याच्या दोन भागांना एकमेकांचा सण कळत नाही आणि दोन राज्यांतल्या शेजाऱ्यांना तो न सांगता कळतो, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने सोडून द्यावी अशी नाही.

आधी रानात काय होतं ते पाहू. ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या शेंड्याला एकत्र बांधून, बुडखे फाकवून उभ्या करतात. ही कोप. तोंड शक्यतो पूर्वेला. आत बांधावरून वेचून आणलेले पाच दगड चुन्याने पांढरे करून, त्यांना काव लावून मांडतात. कोपीवर नवी शाल किंवा लुगडं पांघरतात. समोर आंबिलीने भरलेला मातीचा मोगा. आंबील आदल्या दिवशीच केलेली असते. ज्वारीचं पीठ शिजवून गार करायचं आणि त्यात आंबट ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालायचं. रात्रभर ती मुरते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात प्यायला खरी चव येते. भज्जी ही भजी नव्हे, हे परगावच्या पाहुण्याला दरवर्षी समजवावं लागतं. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे ओले दाणे, वाल, वाटाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, रानात जे जे त्या आठवड्यात हिरवं आहे ते सगळं ताकात कालवलेल्या बेसनात शिजवायचं, म्हणजे भज्जी. तिच्याबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, धपाटे, गव्हाची खीर.

पूजा झाली की कोपीला फेऱ्या घालतात. मग घरातला कर्ता माणूस आंबील-भज्जी घेऊन रानाच्या चारी बाजूंनी पिकावर शिंपडत निघतो आणि मागून पोरं हाळी देत जातात. ह्याला चर शिंपणं म्हणतात. सीमेपलीकडे तेच काम ‘चरग’ या नावाने होतं. हाळीतले शब्द मराठी कानाला अर्धवट लागतात आणि म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ विचारला तर तो हसून पुढे जातो. संध्याकाळी कडब्याची पेटती पेंढी रानातून फिरवतात. काही गावांत नव्या मडक्यात दूध तापवून उतू घालवतात आणि ते कुठल्या अंगाला सांडलं त्यावरून पुढच्या पावसापाण्याचा अंदाज बांधतात.

आता कोपीतल्या पाच दगडांना विचारा, तुम्ही कोण? तिथून लोककथा सुरू होते, आणि दर दोन कोसांवर बदलते.

सगळ्यात जास्त कानी पडतं ते उत्तर म्हणजे पाच पांडव. वनवासात असताना ते ह्याच रानांतून गेले, शेतकऱ्याने त्यांना कडब्याच्या आडोशाला बसवून घरात होतं ते खाऊ घातलं आणि पिकाला बरकत आली, असं सांगणारी म्हातारी माणसं आहेत. दुसरीकडे ह्या दगडांना सरळ लक्ष्मी म्हणतात आणि पांडवांचं नावही निघत नाही. तिसरं सांगणं बायकांचं आहे. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, म्हणजे काळी आई भरल्या दिवसांची आहे, तिचे हे डोहाळे. आंबट ताक आणि ओला पाला हे जिन्नस बघितले तर ह्या सांगण्यात तथ्य वाटू लागतं.

नावाच्या उगमावरूनही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ‘येळ’ म्हणजे कन्नडमधले सात, मृगाच्या सुमाराच्या अमावस्येपासून मोजली तर ही सातवी. ज्येष्ठापासून मोजा, हिशेब बरोबर येतो. दुसरा म्हणतो, ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, ही तिळाची अमावस्या, आणि पुरावा म्हणून ताटातली पोळी दाखवतो. भांडण मिटलेलं नाही. पण दोन्ही पक्ष कन्नडचाच आधार घेतात, एवढं आपल्याला पुरे आहे.

एका सणाला इतक्या कथा असल्या की माणसं खरी कुठली ते विचारतात. हा प्रश्न चीनमध्ये फार मोठ्या पातळीवर विचारून झाला आहे. तिथे पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी ड्रॅगनच्या आकाराच्या होड्यांच्या शर्यती होतात आणि पानात बांधलेले चिकट तांदळाचे मुटके खातात. कथा अशी. छू राज्यात छ्यू युआन नावाचा एक मंत्री होता, कवीही होता. खरं बोलला म्हणून हद्दपार झाला. इसवी सनापूर्वी 278 मध्ये छिन राज्याच्या फौजेने छूची राजधानी घेतली, तेव्हा त्याने दगड कवटाळून मिलुओ नदीत उडी घेतली. लोक होड्या घेऊन त्याला शोधायला धावले आणि माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून पाण्यात भात टाकला. ही कथा आज साऱ्या जगाला माहीत आहे. पण सुझोऊकडे गेलात तर तिथले लोक सांगतात, हा दिवस वू झिशूचा. राजाने त्या स्वामिनिष्ठ माणसाला मरायला लावलं आणि त्याचं प्रेत चामड्याच्या पिशवीत घालून नदीत सोडलं. शाओशिंगकडे तिसरीच कथा आहे, बापाचं प्रेत शोधायला पाण्यात उतरलेल्या त्साओ अ नावाच्या मुलीची. 1940 च्या दशकात वन यिदुओ या कवी-अभ्यासकाने मांडलं की सण ह्या सगळ्यांच्या आधीचा आहे. नाग-ड्रॅगनला मानणाऱ्या दक्षिणेकडच्या जमातींचा तो विधी होता आणि छ्यू युआन त्यात मागाहून येऊन बसला. ह्या सणाला दारावर उग्र वासाच्या वनस्पती टांगतात, कारण तो महिना किडामुंगी आणि रोगराईचा. ते काम कवीच्या मरणाची वाट बघत थांबलं नव्हतं. 2009 मध्ये युनेस्कोने हा सण वारसा यादीत घेतला. त्या नोंदीत मिलुओ आहे आणि सुझोऊही आहे. चिनी लोकांनी निकाल देण्याऐवजी दोघांनाही जागा दिली, हे शहाणपणाचं झालं.

येळवशीचंही तसंच असावं असं माझं मत आहे. पेटती पेंढी आणि चर शिंपणं हे रानाचं काम आहे. रब्बीचं पीक ऐन फुलोऱ्यात असताना कीड, रोग आणि नजर यांपासून त्याला जपायचं आणि रानाला त्याचा वाटा द्यायचा. त्याला पांडवांची गरज नाही. मग पांडव आले कुठून?

त्यासाठी हजार-बाराशे वर्षं मागे जावं लागतं. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदात स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेत आणि हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांचा नांदेड जिल्ह्यातल्या कंधारशी किती घट्ट संबंध होता ते तिथल्या शिलालेखातून दिसतं. तिसऱ्या कृष्णाच्या काळातल्या देवळांची आणि दानधर्माची त्यात माहिती आहे. हे राजे संस्कृत लिहून घेत आणि कन्नडला आश्रय देत. त्यांच्याच मांडलिकाच्या, वेमुलवाड्याच्या अरिकेसरीच्या दरबारात पंप या कवीने 941 च्या सुमारास महाभारत कन्नडात आणलं आणि अर्जुनाच्या जागी आपला राजा बसवला. वेमुलवाडा म्हणजे आजचं तेलंगण, नांदेडहून काही फार दूर नव्हे. म्हणजे ज्या काळी ही रानं राष्ट्रकूटांच्या ताब्यात होती, त्याच काळी पांडव इथल्या लोकभाषेत बोलायला लागले. कंधारची स्थानिक परंपरा तर ह्याच्याही पुढे जाते. हे गाव म्हणजे पूर्वीची पांचालपुरी, द्रौपदीचं लग्न इथेच लागलं, असं तिथे सांगतात, आणि जवळच्या एका दरीचं नाव पांडवदरा आहे. लग्न इथे लागलं की नाही ह्यात मी पडत नाही. पण जिथे लग्न लागल्याची कथा आहे, तिथे जावई रानात जेवायला येणारच.

पुढे कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य आलं. त्यांची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण. निलंग्याच्या माणसाला ते आजही पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळं ह्याच काळातली आणि तिथले शिलालेख कन्नड. 1968 साली श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले कोरीव लेख एकत्र छापले. ते पुस्तक चाळताना नांदेडकर वाचकाला आपल्याच जिल्ह्यात परका झाल्यासारखं वाटतं, इतकं त्यात कन्नड आहे. हळूहळू बोली बदलली, मराठी स्थिरावली, पण रानात द्यायची हाळी कुणी बदलली नाही. देवाशी आणि जमिनीशी बोलायची भाषा माणूस सहसा बदलत नाही.

पांडवांना दुसऱ्यांदा बळ मिळालं ते पोथ्यांमुळे. श्रीधरस्वामी नाझरेकरांचा ‘पांडवप्रताप’ 1712 मध्ये पुरा झाला आणि पुढची दोनशे वर्षं मराठी गावांच्या देवळांत चातुर्मासात वाचला गेला. कोपीतल्या निनावी पाच दगडांना नावं द्यायला ह्यापेक्षा सोयीचं साधन नव्हतं. पाच दिसले की पांडव, हा आपल्याकडचा नियमच आहे. दिवाळीच्या पाडव्याला मराठवाड्यातल्या बाया अंगणात शेणाचे पांडव घालतात. डोंगरातल्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, मग ती बौद्ध असोत की जैन. येळवशीचे दगड ह्या नियमातून सुटतील कसे?

ह्याच अमावस्येला नांदेड जिल्ह्यात आणखी एक मोठी गर्दी होते, आणि तिचा माग काढला तरी आपण पुन्हा बीदरलाच पोचतो. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. तिथल्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्यात, अमावस्येच्या तोंडावर भरते. रिसनगावच्या नाईकांच्या मानाच्या देवस्वारीने ती सुरू होते. मग घोड्यांचा बाजार, उंट, गाढवं, कुस्त्यांची दंगल, लावणीचे फड. वैदू, घिसाडी आणि इतर भटक्या जमातींचे लोक इथे वर्षातून एकदा भेटतात. सोयरिकी इथे जुळतात, पूर्वी जातपंचायतीचे निवाडेही इथेच होत. आता यात्रेचा कारभार नांदेड जिल्हा परिषद पाहते.

खंडोबाची पोथीतली कथा मणी-मल्ल दैत्यांच्या वधाची. ती तिथी चंपाषष्ठीची, मार्गशीर्ष शुद्धातली. जेजुरीचा उत्सव त्या तिथीला धरून आहे. माळेगावची यात्रा त्यानंतर तीनेक आठवड्यांनी का, ह्याचं उत्तर पोथीत मिळत नाही. लोक सांगतात ती कथा निराळी आहे. बीदरच्या बाजूने एक व्यापारी माल घेऊन येत होता, माळेगावला मुक्काम पडला, सकाळी गोण उचलेना, उघडून पाहिली तर देव निघाला. म्हणजे इथला खंडोबा दैत्य मारायला घोड्यावर बसून आला नाही, तो व्यापाऱ्याच्या मालातून आला. बीदर जिल्ह्यातल्या खानापूरला मैलार मल्लण्णाचं मोठं ठाणं आहे आणि खंडोबा, मैलार, मल्लण्णा हे एकाच देवाचे तीन प्रांतांतले अवतार आहेत, हे रा. चिं. ढेऱ्यांनी 1961 च्या ‘खंडोबा’ या ग्रंथात मांडलं आहे. ती गोण मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. एका व्यापारी वाटेची आठवण लोकांनी त्या कथेत जपून ठेवली आहे. तिथीचं कारणही मला रानातच दिसतं. त्या आठवड्यात खरीप घरात आलेलं असतं, रब्बी उभं असतं, हातात चार पैसे असतात आणि कामाला थोडी उसंत असते. बाजार भरवायला आणि रानात जेवायला ह्याहून चांगला मोका वर्षात दुसरा नाही.

बहमनींनी पंधराव्या शतकात राजधानी बीदरला नेल्यापासून ते निजामी संपेपर्यंत औसा, उदगीर, निलंगा ह्या भागाचा राबता बीदरकडेच होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तर बीदर जिल्ह्यातच होते. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतर आठ वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला, भाषेच्या आधाराने त्याचे तुकडे झाले. बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि हे तीन तालुके तोडून मुंबई राज्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याला जोडले. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल मंडळं आंध्रात गेली. 1982 मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला. एका माणसाच्या हयातीत त्याचं गाव न हलता तीन जिल्हे आणि तीन राज्यं बदलली. येळवशीचा मुलूख मात्र आहे तिथेच राहिला. देवणीच्या शेतकऱ्याने शिंपलेल्या चराची हाळी सीमेपलीकडच्या रानात ऐकू जाते आणि तिकडची इकडे. लोकांनी ह्यावर कधी मोर्चा काढला नाही, कारण त्यांच्या लेखी काही तुटलंच नव्हतं.

सणाला खरा धोका सीमेचा नाही, पिकाचा आहे. लातूर ही आता सोयाबीनची बाजारपेठ. सोयाबीन काढलं की त्या रानात हरभरा पडतो आणि रब्बी ज्वारी मागे हटते. हरभऱ्यावर भज्जी निभावते, पण कोपीला कडबा लागतो. दहा-वीस एकर रान असलेला माणूस अमावस्येच्या आदल्या दिवशी पाच पेंढ्या विकत घेऊन चाललेला दिसतो तेव्हा हसावं की काय करावं कळत नाही. दुष्काळात तर तेही नसतं. जानेवारी 2016 ची येळवस बऱ्याच गावांनी करपल्या रानात केली आणि तीन महिन्यांनी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तरी त्या वर्षी कोप घातली गेलीच.

दुसरा धोका लहान वाटतो, पण कथेच्या दृष्टीने तो मोठा आहे. अलीकडे अमावस्येच्या दोन दिवस आधी मोबाइलवर ‘येळवशीची माहिती’ म्हणून एकच मजकूर सगळ्या गटांत फिरतो. त्यात पांडव असतात, तीळ किंवा सात असतात, आणि शेवटी शुभेच्छा. तो वाचून ज्या घरात दगडांना लक्ष्मी म्हणत होते त्या घरातली मुलंही आता पांडव म्हणू लागली आहेत. सुझोऊकरांनी आपला वू झिशू सोडला नाही, म्हणून तो आज नोंदीत आहे.

तेव्हा येत्या अमावस्येला रानात जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, कोपीत कोण बसतं आणि का. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, गावाच्या आणि तालुक्याच्या नावासकट लिहून ठेवा. हाळीचे शब्द कळत नसले तरी जसे ऐकू येतील तसे उतरवा. बीदर-कलबुर्गीकडे पाहुणे असतील तर त्यांच्याकडूनही मागवा. शाळेतल्या गुरुजींनी पोरांना सुट्टीनंतरचा गृहपाठ म्हणून एवढंच दिलं तरी दोन जिल्ह्यांचं काम एका वर्षात होईल.